अलार्म कशाला म्हणायचं?

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत नातेवाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न अजूनही तोच असतो, "आज फर्स्ट आहे का सेकंड?" विचारलेली असते ती शिफ्ट. कोयलीची रिफायनरी १९६५ सालची. तिच्या आजूबाजूला खतांचे आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने उभे राहिले, वरच्या अंगाला नंदेसरीची औद्योगिक वसाहत वाढली. दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूरहून कंपनीच्या बसने तिकडे जाणाऱ्यांच्या आता दोन-तीन पिढ्या झाल्या. त्यांच्यातला जो कंट्रोल रूममध्ये पॅनलवर बसतो, त्याच्या धंद्याला एका विषयाचं ज्ञान आपल्या सगळ्या प्रवचनकारांपेक्षा जास्त आहे. तो विषय म्हणजे माणसाचं लक्ष.

एरवी 'कामात लक्ष लागत नाही' म्हटलं की उपाय माणसाच्या आत शोधतात. पहाटे उठा, ध्यान करा, मन आवरा, फोन लांब ठेवा. यात वाईट काही नाही, पण पॅनलवरच्या ऑपरेटरला असं सांगून कुणी प्लांट चालवत नाही. त्याच्यासमोर अलार्मचे शंभर दिवे एकदम पेटले आणि त्यातला कामाचा एक सुटला, तर चौकशीला आलेली माणसं आधी दिवे मोजतात. आपल्या कचेऱ्यांत, शाळांत, सोसायट्यांत अजून कुणी दिवे मोजत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की ते मोजायला हवेत, आणि मोजण्याची जबाबदारी फोन हातात असलेल्या एकट्या माणसावर टाकून चालणार नाही.

२४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या एका रिफायनरीत स्फोट झाला. सकाळी विजा पडून आग लागली आणि प्लांट हेलकावे खाऊ लागला. एक व्हॉल्व्ह पडद्यावर उघडा दिसत होता, प्रत्यक्षात तो बंद होता. द्रव भलत्या ठिकाणी साठत गेला आणि काही तासांनी फ्लेअरची, म्हणजे जादा वायू जाळायला नेणारी, लाइन फुटली. शेवटच्या १०.७ मिनिटांत पॅनलवरच्या दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. म्हणजे दर सव्वादोन-अडीच सेकंदाला एक. वाचायचा, बटण दाबून मान्य करायचा, अर्थ लावायचा, काहीतरी करायचं आणि तोवर पुढचा वाजलेला. त्या दोघांनी पहाटे उठून ध्यान केलं असतं तरी काय फरक पडला असता?

इतके अलार्म आले कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी कंट्रोल रूमच्या भिंतीवर काचेच्या छोट्या खिडक्यांचा पॅनल असे. एक अलार्म वाढवायचा तर यंत्रांपासून, म्हणजे प्लांटच्या भाषेत फील्डमधून, वायर ओढावी लागे, रिले लावावा लागे, खिडकी रिकामी असावी लागे. पैसे पडत, म्हणून लोक विचार करत. १९७५ पासून डीसीएस, म्हणजे संगणकावरून प्लांट चालवण्याची व्यवस्था, आली, अलार्म सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि फुकट झाला. मग प्रत्येक सेफ्टी मीटिंगमधून, प्रत्येक मशिनवाल्याकडून, 'असू दे, लावून ठेव' करत करत एकेका ऑपरेटरच्या माथी हजारो अलार्म आले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

आपलंही तेच झालं. तारेत शब्द मोजून लिहायचे कारण प्रत्येक शब्दाला पैसे पडत. ट्रंक कॉल लावायचा तर निरोप आधी मनात जुळवून ठेवावा लागे. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली, तोवर निरोप फुकट झाला होता. पाठवणाऱ्याला खर्च शून्य, घेणाऱ्याला खर्च लक्षाचा, आणि हिशेब कुठल्याच वहीत नाही. या विषयात सार्वजनिक प्रश्न कुठे आहे, तो इथे आहे.

मिलफर्ड हेवननंतर प्लांटवाल्यांनी नियम लिहून काढले. ब्रिटनमधल्या ईमुआ या संस्थेची १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका १९९९ मध्ये आली, अमेरिकेतलं आयएसए १८.२ हे मानक २००९ मध्ये. त्यातली व्याख्या फार कामाची आहे. यंत्र बिघडलं, प्रक्रिया भरकटली किंवा काही वेगळं घडलं, आणि त्यावर ऑपरेटरने वेळेत काही करणं आवश्यक आहे, हे दाखवणारा आवाज किंवा दिवा म्हणजे अलार्म. करण्यासारखं काही नसेल तर तो अलार्म नाही. ती नुसती माहिती. माहिती लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, जाते, ऑपरेटर फुरसतीने बघतो. तिला हूटर मिळत नाही.

आकडेही ठरले. नेहमीच्या चालू स्थितीत एका ऑपरेटरला दर १० मिनिटांना एक अलार्म, दिवसाला साधारण १५०, हे चालण्यासारखं. ३०० म्हणजे कमाल. मिनिटाला एक झाला तर काम चालूच शकत नाही असं धरायचं. आता यात एक मेख आहे. हे आकडे अशा माणसाचे आहेत ज्याची नोकरीच अलार्म बघण्याची आहे. जी बाई हिशेबाचा ताळेबंद जुळवते आहे, जो मुलगा कोड लिहितो आहे किंवा ड्रॉइंग तपासतो आहे, त्याला दिवसाला १५० कुठून परवडणार? अशा कामाला तासाला एक हीच कमाल मर्यादा मानावी, असं आमचं मत. मानकात हा आकडा नाही.

तेव्हा पहिलं काम मोजणी. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, त्यातला डॅशबोर्ड उघडून वर स्क्रीन टाइमच्या जागी 'नोटिफिकेशन्स' निवडलं की कुठल्या ॲपने दिवसात किती वेळा हाक मारली ते दिसतं. आयफोनवर हेच 'स्क्रीन टाइम'च्या तपशिलात खाली मिळतं. आठवडाभराचे आकडे कागदावर घ्यायचे. एकच दिवस घेतला तर रविवार हाती लागतो आणि माणूस खूश होतो. प्लांटमध्ये अशी यादी काढली की नेहमी एकच गोष्ट दिसते: ओझ्याचा मोठा वाटा पहिल्या दहा टॅगचा, म्हणजे यादीतल्या वरच्या दहा अलार्मचा, असतो. तिकडे त्यांना बॅड ॲक्टर म्हणतात. फोनवरही चित्र वेगळं नसतं. एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. व्हॉट्सॲपचा सगळा आकडा एकाच नावावर पडतो, आतल्या कुठल्या ग्रुपने किती वाजवलं ते कळत नाही. त्यासाठी एक दिवस कागदावर ग्रुपवार रेघा ओढाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

यादीतल्या प्रत्येक नावापुढे चार रकाने भरायचे, प्लांटमध्ये भरतात तसेच: हे कशामुळे वाजतं, दुर्लक्ष केलं तर काय बिघडेल, मी काय करायचं, किती वेळात. तिसरा रकाना रिकामा राहिला तर आवाज बंद. चौथ्यात 'आज रात्रीपर्यंत' आलं तरी आवाज बंद, कारण ते लॉगमध्ये बसणारं आहे. एक उदाहरण घेऊ. आपणच क्यूआर कोड स्कॅन करून भाजीवाल्याला ४० रुपये दिले आणि पेमेंट ॲपने 'पैसे गेले' म्हणून वाजवलं. त्यावर करण्यासारखं काहीच नाही. पण आपण न केलेल्या व्यवहाराचा बँकेचा एसएमएस हा खरा अलार्म. तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने पैसे गेले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवणाऱ्या ग्राहकावर बोजा पडत नाही, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन गेला तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. कृती आहे, वेळ मोजकी आहे, दुर्लक्षाचं नुकसान मोठं आहे. म्हणून बँकेच्या एसएमएसला आवाज ठेवा आणि त्याच बँकेच्या ॲपमधून येणाऱ्या 'कर्ज मंजूर!'ला बंद करा. अँड्रॉइडवर नोटिफिकेशनवर बोट दाबून धरलं की ॲपमधली ती एकच कॅटेगरी बंद करण्याची सोय येते. बहुतेक लोक एक तर सगळं ॲप बंद करतात नाहीतर सगळं चालू ठेवतात, आणि दोन्हींत फसतात.

चाळणी लावून उरलेल्यांचीही प्रतवारी लागते. प्लांटमध्ये ढोबळ प्रमाण असं की ८० टक्के अलार्म खालच्या दर्जाचे, १५ टक्के मधल्या आणि फक्त ५ टक्के वरच्या. सगळेच तातडीचे असतील तर तातडी हा शब्दच मेला. फोनवर वरचा दर्जा फक्त रिंगला द्यावा, तोही मोजक्या नावांच्या. 'आईला काही झालं तर?' ही शंका खरी असते आणि तिला थट्टेने उडवू नये. त्याची सोय फोनमध्ये आहे. डू नॉट डिस्टर्बमध्ये ठरावीक नंबरांना मोकळीक देता येते. शिवाय 'रिपीट कॉलर'चा पर्याय चालू असला की तोच माणूस थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन करतो तेव्हा रिंग वाजते. अँड्रॉइडवर ही मुदत १५ मिनिटं, आयफोनवर ३. घरच्या सगळ्यांना हे सांगून ठेवावं: खरंच अडलं तर लगेच दुसऱ्यांदा लावा. सांगितलंच नाही, तर मंडळी तासाभराने परत लावतात आणि फोन गप्पच राहतो.

कंट्रोल रूममध्ये बिघडलेल्या अलार्मच्या जाती असतात आणि त्या ओळखता आल्या तर निम्मं काम होतं. एक चॅटरिंग अलार्म. टाकीची पातळी सेटपॉइंटच्या, म्हणजे अलार्मसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या, आसपासच खालीवर होत असते, तेवढ्यात तो एका मिनिटात दहादा वाजतो आणि दहादा शांत होतो. उपाय डेडबँड: एकदा वाजला की पातळी ठरावीक अंतर खाली उतरल्याशिवाय तो पुन्हा वाजणार नाही. आता फोनवरचं हे बघा:

"सर"
"आहात का"
"एक विचारायचं होतं"
"ते मकरपुऱ्याचं कोटेशन"
"मागच्या आठवड्यातलं"
"त्यात ट्रान्सपोर्ट धरलाय ना?"

सहा वेळा वाजलं, प्रश्न एक. डेडबँड इथे लिहिणाऱ्याने लावायचा: 'मकरपुऱ्याच्या १२ तारखेच्या कोटेशनमध्ये ट्रान्सपोर्ट धरला आहे का? चारपर्यंत कळलं तर पाठवून देतो.' यात कुणाचं कोटेशन, काय हवं आणि कधीपर्यंत हवं, तिन्ही आलं. 'आहात का'ला उत्तरच द्यायचं नाही असा काही ठिकाणी अलिखित नियम असतो. तो उद्धट वाटतो, पण उपयोगी आहे.

दुसरी जात स्टँडिंग अलार्म, दिवसेंदिवस पेटलेलाच असणारा. दुरुस्तीला गेलेल्या पंपाचा 'लो फ्लो' महिनाभर लाल राहतो आणि डोळा लाल रंगालाच निर्ढावतो. ॲपच्या चिन्हावरचा ३४७ चा लाल आकडा हाच प्रकार. बॅज बंद करा, आकडा शून्यावर आणायच्या नादी लागू नका.

शेल्व्हिंगबद्दल मात्र प्लांटकडून नीट शिकायला हवं. त्रास देणारा अलार्म ऑपरेटर ठरावीक वेळेपुरता फळीवर ठेवू शकतो, वेळ संपली की तो आपोआप परत येतो, आणि शिफ्ट बदलताना फळीवर काय काय आहे ते पुढच्या माणसाला सांगावं लागतं. व्हॉट्सॲपवर म्यूट करताना तीन पर्याय येतात: ८ तास, १ आठवडा, कायम. पहिले दोन म्हणजे शेल्व्हिंग. तिसरा म्हणजे अलार्म काढून टाकणं, आणि तो निर्णय वैतागाच्या भरात घेऊ नये. म्यूट केलेल्या ग्रुपमध्येही कुणी आपलं नाव '@' लावून लिहिलं किंवा आपल्या मेसेजला उत्तर दिलं तर फोन कळवतो. म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर एकदाच लिहून ठेवावं की काम असेल तर नाव घ्या, नावाशिवाय लिहिलेलं दुपारी आणि सहाला वाचेन.

एवढं करूनही व्यत्यय येणारच. साहेब टेबलाशी येऊन उभे राहतात त्याला म्यूट नाही. तिथे लॉगबुक कामाला येतं. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ च्या रात्री १६७ माणसं मेली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला आहे, ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नव्हती आणि त्यांनी तोच पंप चालू केला. तेव्हापासून शिफ्टचा हँडओव्हर लेखी आणि समोरासमोर हवा, याबद्दल त्या धंद्यात कुणी वाद घालत नाही. आपण दिवसातून वीसदा स्वतःकडूनच स्वतःकडे शिफ्ट बदलतो आणि हँडओव्हर एकदाही लिहीत नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामाचा अवशेष मनात राहतो आणि पुढचं काम खराब करतो. पुढे २०१८ मध्ये तिने थेरेसा ग्लोम यांच्याबरोबर त्याचा उतारा तपासला. काम सोडण्याआधी, मिनिटभरात, कुठवर आलो आणि परतल्यावर काय करायचं ते लिहून काढलं की तो अवशेष कमी होतो. चिठ्ठी 'रिटर्न भरायचं आहे' अशी असून उपयोग नाही. ती अशी हवी: 'तक्ता ४, जीएसटीचा रकाना १,८०० ने जुळत नाही, मार्चची दोन बिलं दोनदा चढलीत का बघ.' साहेब उभे असले तरी हे लिहायला २० सेकंद मागावेत. बहुतेक साहेब देतात.

आता मुद्दा असा की हे सगळं एकट्याने किती करायचं? प्लांटमध्ये नवीन अलार्म लावायचा तर एमओसीचा, म्हणजे बदलाच्या मंजुरीचा, फॉर्म भरावा लागतो. कशासाठी, ऑपरेटर काय करेल, दर्जा कोणता, हे लिहून सह्या घ्याव्या लागतात. फोनवर ग्रुप बनवून ८० जणांना त्यात ओढायला कुणाची सही लागते? नव्याने लागलेला मुलगा साहेबांचा ग्रुप म्यूट करू शकत नाही, कॉन्ट्रॅक्टवरचा तर नाहीच. त्याला 'एकाग्रता वाढवा'ची शिबिरं देणं म्हणजे दिवे तसेच ठेवून ऑपरेटरला चष्मा देणं.

कायद्याचा रस्ता आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त माणसांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत याच विषयावरचं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं सहसा होतं तेच त्याचं झालं. असा कायदा यावा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. एक तर मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या, म्हणजे जीआयडीसीतल्या, बारा माणसांच्या शेडला तो क्वचितच लागू होईल. दुसरं, तो रात्रीचं बोलतो आणि लक्षाची खरी नासाडी भर दुपारी होते.

त्यापेक्षा जवळची गोष्ट म्हणजे प्रत्येक प्लांटमध्ये असते तशी अलार्म फिलॉसॉफी, म्हणजे अलार्म कशाला म्हणायचं याचं लेखी धोरण. ऑफिसला एक पान पुरतं. तासाभरात माणूस हलायला हवा तर फोन. आज हवं तर मेसेज, एकाच तुकड्यात. बाकी सगळं मेलवर. नवा ग्रुप काढणाऱ्याने तो बंद कधी होणार ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहायचं. आणि पहिल्या दहा बॅड ॲक्टरची यादी महिन्यातून एकदा मीटिंगमध्ये वाचायची, साहेबांचं नाव त्यात आलं तरी. हे शेवटचं कलम बहुतेक ठिकाणी गळतं आणि मग बाकीचं पानही भिंतीवरच राहतं.

हे गाव असल्या व्यवस्थेला नवीन नाही. लोकांनी वाचावं असं सयाजीरावांना वाटलं तेव्हा वाचनाची गोडी या विषयावर भाषणं देऊन ते थांबले नाहीत. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, आणि पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव धाडल्या. इच्छा लोकांची होतीच, पेटी दारात यावी लागली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: घर म्हणजे काही कंट्रोल रूम नव्हे. खरंच नव्हे. आत्याबाई रोज सकाळी फुलांवर 'शुभ सकाळ' लिहून पाठवतात त्यात त्यांचा काही दोष नाही, त्यांना बोलूही नये. तो निरोप म्हणजे ओट्यावरच्या गप्पा आहेत. सवड झाली की जाऊन बसावं, हसावं, यावं. दोष आहे तो ओट्यावरच्या गप्पांना हूटर जोडल्याचा.

आणि तो काढताना सगळ्यांत जास्त गोंधळ सोसायटीच्या ग्रुपवर होतो. 'उद्या टाकी धुणार, ११ ते ४ पाणी नाही' हा मेसेज गरब्याच्या पासांवरून चाललेल्या साठ मेसेजांच्या मध्ये येतो. ज्यांनी ग्रुप म्यूट केलेला असतो ते दुसऱ्या दिवशी बादलीशिवाय सापडतात, आणि सगळे मिळून त्यांनाच बोलतात की फोन बघत जा जरा. दोन ग्रुप केले की हा तंटा मिटतो. पहिल्याच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याची परवानगी फक्त ॲडमिनला ठेवायची, ॲडमिन दोनच, आणि तिथे पाणी, वीज, लिफ्ट, गॅस एवढंच येणार. त्याचा आवाज प्रत्येकाने चालू ठेवायचा. 'नोटेड', 'थँक्यू' लिहायला जागाच नाही. पासांची चर्चा दुसऱ्या ग्रुपवर, तिथे ती दसऱ्यापर्यंत रात्रभर चालू दे.